सात धाग्यांनी अरुंद साडी

फार पूर्वी, वर्षातून एकदा नदीलाही साडी नेसवायची असते हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक होते त्या काळी, बारा मागांच्या एका गावात एक मुलगी दूर देशी शिकून परत आली.

परतीच्या वाटेवर तिने मनाशी गावाचे चित्र रंगवले होते. ओढलेले चेहरे, कपाळावर आठ्या, झोप न लागणारी माणसे. ती वेशीतून आत येईल, लोक भोवती जमतील आणि म्हणतील, "बरं झालं आलीस. आम्हांला श्वास घ्यायला शिकव."

प्रत्यक्षात वेशीत तिला एक माणूस भेटला, तो पेरू खात होता. पुढे गल्लीत बारा माग एकमेकांना साद घालत होते, खट-खट, खट-खट, जणू सारे गाव एकच मोठे काळीज असावे. माणसे गाणी म्हणत विणत होती, भाकरी मिटक्या मारत खात होती, पाठ टेकताच झोपत होती. गावात आजारी असे कोणी नव्हतेच. वैद्याने तर कंटाळून औषधांच्या वाफ्यात वांगी लावली होती.

मुलगी गोंधळली. बारा वर्षे डोंगरातल्या गुरुजींकडे ती आसने शिकली होती, श्वासावर लक्ष ठेवायला शिकली होती, मनाला एका जागी बसवायला शिकली होती. निघताना गुरुजींनी तिला काशाची एक छोटी घंटा दिली होती आणि सांगितले होते, "जिथे माणसं श्वास घ्यायला विसरली असतील, तिथे ही वाजव." आणि इथे तर सगळी माणसे पोटभर श्वास घेत होती.

ती आपल्या आत्याच्या घरी उतरली. आत्या गावातली सर्वांत जाणती विणकरीण. नदीची साडी दरवर्षी एकेका घराने विणायची अशी रीत होती. बारा घरे, बारा वर्षे. ह्या वर्षी पाळी आत्याची होती. तीनशे हात लांब साडी, ह्या तीरापासून त्या तीरापर्यंत. तिच्यात एकही गाठ चालत नसे. धागा तुटला तर पिंजलेले टोक कापून टाकायचे, खळ लावायची, पीळ द्यायचा आणि असा जोडायचा की बोटालाही कळू नये. पौर्णिमेला ती नदीला नेसवायची असे.

विणायचे राहिलेले उभे धागे, म्हणजे ताणा, आत्याच्या मागापासून निघून दारातून बाहेर पडत आणि गल्लीच्या टोकाला चिंचेच्या झाडापर्यंत जात. तिथे एका जाड दोरीने ते बांधलेले असत. सकाळच्या धुक्यात ते धागे दिसतच नसत. फक्त त्यांच्यावर बसलेले दवाचे थेंब हवेत रांगेने तरंगत.

मुलीने वही काढली आणि विचारले, "आत्या, तुला ताण येतो का गं?"

"येतोय कुठला आपोआप!" आत्या म्हणाली. "रोज सकाळी द्यावा लागतो. दोरी ओढून."

"तसा नाही गं. आतला."

"आतला बाहेरचा एकच असतो, बये. दोरी चिंचेला, ताण मागावर."

शेजारीच गावाचा दवंडीवाला मामा बसला होता. दवंडी देणे आणि देवळातला दिवा लावणे ही दोन्ही कामे त्याच्याकडे होती, आणि दोन्हींतून वेळ उरला की तो आत्याच्या ओट्यावर असे. तो म्हणाला, "मला विचार की. मी तर रोज दुपारी जेवलो की ताणून देतो!"

दोघेही पोट धरून हसले. मुलीला वाटले, हे आपली थट्टा करताहेत. तिने वहीत लिहिले, "लोक ताण कबूल करत नाहीत." ती लिहून घेत होती, पण ऐकत नव्हती.

पुढच्या काही दिवसांत मात्र एक गोष्ट तिने पाहिली. पौर्णिमा जवळ येत होती तशी विणताना आत्या दात आवळून धरायची. खांदे कानांपाशी जायचे. आडवा धागा बसवणाऱ्या फणीचा ठोका जोरात पडायचा, आणि धागा तुटायचा. तुटला की आत्या म्हणायची, "कापूसच मेला हलका." पिंजलेले टोक कापून ती शेजारच्या टोपलीत टाकायची आणि पुन्हा दात आवळायची. अशी टोपली प्रत्येक मागाजवळ होती, आणि प्रत्येक टोपली भरलेली होती. रोज संध्याकाळी दवंडीवाला मामा ते तुकडे गोळा करून न्यायचा आणि देवळासाठी वाती वळायचा. त्या गावात वातींना कधीच तोटा नव्हता.

"ही माणसं आजारी नाहीत," मुलगी स्वतःशी म्हणाली, "पण ती आतून ओढली जाताहेत, आणि त्यांना ते कळतही नाही." तिचा जीव कळवळला. आणि जीव कळवळला की तरुण माणसाला धीर धरवत नाही.

तोवर साडीचे दोनशे चाळीस हात विणून झाले होते, साठ उरले होते, आणि पौर्णिमेला अकरा दिवस होते. तिने दवंडीवाल्याला गाठले. "मामा, उद्या सकाळी दवंडी द्या. म्हणावं, घंटा वाजली की सगळ्यांनी सगळा ताण सोडून द्यायचा."

मामाने कान खाजवला. "सगळा?"

"सगळा. थोडासुद्धा ठेवायचा नाही."

"अगं, पौर्णिमेच्या तोंडावर? आणि तुझी आत्या?"

"आत्यानं तर सगळ्यांच्या आधी."

मामाने पुन्हा कान खाजवला. मग पुटपुटला, "बारा वर्षं शिकलेली माणसं. असेल काहीतरी."

दुसऱ्या दिवशी धुके अजून नदीवरून उठले नव्हते तेव्हा गल्लीतून दवंडी फिरली. "ऐका हो ऐका! घंटा वाजताच ताण सोडा हो! समदा ताण सोडा!"

मुलगी देवळाच्या पायरीवर उभी राहिली. तिने डोळे मिटले आणि घंटा वाजवली. तो नाद धुक्यात पसरला आणि पाठोपाठ एकेक माग थांबला. बारा मागांचे गाव गप्प झाले. तिला वाटले, हीच ती शांतता! आपण ज्यासाठी आलो ती! तिच्या डोळ्यांत पाणी आले.

मग तिने डोळे उघडले.

गल्लीभर धागे पडले होते. प्रत्येक घरातल्या माणसाने आपापल्या मागाची दोरी सोडली होती, कारण त्या गावात ताण ह्या शब्दाला एकच अर्थ होता. अकरा घरांचे ताणे आखूड होते. ते दारातच ढीग होऊन पडले. पण आत्याचे साठ हात धागे चिंचेपासून सुटून साऱ्या गल्लीत लोळत होते. वाऱ्याने ते गुंडाळले होते, आणि दोन शेळ्या त्यांच्यातून शांतपणे वाट काढत चालल्या होत्या.

चिंचेखाली आत्या उभी होती. दोरीचे टोक अजून तिच्या हातात होते.

"सगळ्यांच्या आधी मीच सोडला," ती म्हणाली. "म्हटलं, माझी भाची सांगतेय." आणि गुंत्याकडे बघून हळूच विचारले, "आता पुढं काय करायचं असतं?"

मुलीला काय घडले ते क्षणात कळले. "तो ताण नव्हे, आत्या! मनाचा ताण!"

"मनाला कुठं दोरी असते?" आत्या म्हणाली, आणि तिथेच मटकन बसली.

मुलगी धावली. गुंत्यात हात घालून ती ओढू लागली. एक धागा तट्कन तुटला. दुसरा तुटला. "सुटेल, आत्ता सुटेल," ती म्हणत होती आणि आणखी जोराने ओढत होती. सात धागे पार पिंजून गेले, पीळ देऊन जोडायच्याही पलीकडे गेले, तेव्हा आत्याने तिचे मनगट धरले.

"हात काढ."

लोक जमले. कोणी रागावले, कोणी हळहळले. एक विणकर म्हणाला, "कापून टाका हा गुंता. नवा ताणा जोडा, गाठी मारा आणि मोकळे व्हा. साडी पाण्याखाली जाणार, गाठ कोण बघतंय?"

"नदी बघेल," दुसरा म्हणाला.

"नदीला डोळे असतात काय रे?"

"मग साडी कुणासाठी नेसवतोस, माशांसाठी?"

वाद वाढला. शेवटी सगळे मुलीकडे वळले. "तूच सांग आता. शिकलेली आहेस. कापायचा की सोडवायचा?"

कापायचा म्हटले असते तर तिची लाज संध्याकाळपर्यंत झाकली गेली असती. आत्याची साडी पौर्णिमेला पुरी झाली असती. फक्त बारा वर्षांतून एकदा येणारी आत्याची पाळी गाठीची झाली असती, आणि आत्या ते कधी बोलली नसती. 'कापा' हा शब्द मुलीच्या जिभेवर आलाच होता.

तेवढ्यात तिला जाणवले की आपले दात आवळलेले आहेत. खांदे कानांपाशी गेले आहेत. आणि कधीपासून कोण जाणे, आपण श्वासच घेतलेला नाही.

जिथे माणसे श्वास घ्यायला विसरली असतील, असे गुरुजी म्हणाले होते. त्या गल्लीत श्वास विसरलेले माणूस एकच होते.

तिने घंटा उचलली आणि ह्या वेळी स्वतःसाठी वाजवली. मग कोणाशीही न बोलता ती गुंत्याजवळ मांडी घालून बसली. श्वास आत घेताना तिने एकच धागा नुसता पाहिला, कुठून आला आहे, कोणाखालून गेला आहे. श्वास सोडताना बोटांनी तो अलगद सरकवला. मन पळाले, लोक काय म्हणतील तिकडे गेले. तिने त्याला परत धाग्यावर आणून बसवले. ते पुन्हा पळाले, पौर्णिमेकडे गेले. तिने पुन्हा आणले. बऱ्याच वेळाने एक धागा सुटा झाला.

आत्या बघत होती. ती उठली, भाचीसमोर येऊन बसली, आणि तिने दुसरा धागा उचलला.

"कसं करतेयस ते सांग," ती म्हणाली. "पण भाषण नको."

"श्वास घेताना बघायचं. सोडताना सोडवायचं."

"बास?"

"बास."

"एवढ्यासाठी बारा वर्षं लागली?"

"अजून येत नाही नीट," मुलगी म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच आत्या हसली.

हळूहळू बाकीचेही बसले. विणकरांची बोटे होती ती, धाग्याला ओळखणारी. फक्त घाई त्यांच्या आड येत होती. कोणी ओढू लागला की शेजारचा म्हणायचा, "श्वास, श्वास!" आणि तो ओशाळून हात सैल सोडायचा. दवंडीवाला मामाही डोळे मिटून बसला. थोड्या वेळाने तो घोरू लागला.

"ह्यानं ताणून दिली," आत्या म्हणाली, आणि सगळी गल्ली हसली. हसण्यानेही दोनचार धागे सुटले म्हणतात.

चार दिवस असे गेले. पुढे लोक त्या चार दिवसांबद्दल बोलत तेव्हा स्वप्नाबद्दल बोलल्यासारखे बोलत. गल्लीत आवाज नव्हता. ऊन चिंचेतून गाळून खाली यायचे, धाग्यांवर सांडायचे, आणि चाळीस-पन्नास माणसे पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी त्या उजेडाभोवती बसलेली असायची. कधी सगळ्यांचे श्वास नकळत एका वेळी यायचे. तेव्हा गुंताच छातीसारखा वरखाली होतो आहे असे वाटायचे. शेळ्यासुद्धा लांबून जात.

चौथ्या दिवशी शेवटचा धागा सुटला. पिंजलेले ते सात धागे काठाकडचे होते. आत्याने ते काढून टाकले. "इथून पुढं साडी सात धाग्यांनी अरुंद," ती म्हणाली. "पण गाठ नाही."

आता सात दिवस होते आणि साठ हात विणायचे होते. एरवी आत्या दिवसाला सहा हात विणायची. सगळ्यांनी मनात हिशेब केला, आणि तो बेचाळीस हातांवरच थांबला.

आत्याने दोरी चिंचेला बांधली, ओढली, ताणा वाजवून पाहिला. "ह्याला ताण हवाच," ती भाचीला म्हणाली. "ताणाशिवाय कापड होत नाही, हे तुला डोंगरात कुणी सांगितलं नाही का?"

"नाही," मुलीने कबूल केले. "पण आत्या, तू रोज संध्याकाळी दोरी थोडी सैल करतेस. ते का?"

"चार बोटं. रात्रभर ताणून ठेवला तर सकाळी धागा दमलेला असतो. धडधाकट धाग्यालाच सैल करायचा असतो. तुटल्यावर सैल करून काय उपयोग?"

बोलता बोलता आत्या थांबली. तिचा हात आपोआप स्वतःच्या खांद्याकडे गेला. आयुष्यभर ती रोज संध्याकाळी मागाला चार बोटे सैल करत आली होती. स्वतःला कधी केले होते, ते तिला आठवेना.

त्या संध्याकाळपासून एक नवी रीत सुरू झाली. दोरी सैल करायची वेळ झाली की मुलगी घंटा वाजवी. बाराही घरांत माणसे दोरी चार बोटे सैल करीत, मग उठून हात वर ताणत, पाठ वाकवत, आणि थोडा वेळ डोळे मिटून नुसती बसत. पहिल्या दिवशी सगळे चुळबुळले. दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी चुलीवरची आमटी करपली. तिसऱ्या दिवसापासून कोणी काही बोलले नाही.

आणि आत्या विणत गेली. दात आवळले गेले की तिचे तिलाच कळायचे. ती एक श्वास थांबायची, खांदे खाली सोडायची, मग आडव्या धाग्याचा धोटा फेकायची. ती घाईने विणत नव्हती. धागाच तुटत नव्हता, त्यामुळे थांबून पीळ द्यावा लागत नव्हता, आणि तो सारा वेळ कापडाला मिळत होता. कापूस तोच होता, मेला हलका.

पौर्णिमेच्या दिवशी दुपारी तीनशेवा हात पुरा झाला.

उन्हे कलताना दोन होड्या साडी घेऊन निघाल्या. पलीकडच्या तीरावरची माणसे गुडघाभर पाण्यात उभी होती. घडी उलगडत गेली, साडी पाण्यावर पसरत गेली, आणि पदर त्या तीरावरच्या हातांत पोचला तेव्हा दोन्ही काठांवरून एकच आरोळी उठली. नदी क्षणभर संथ झाल्यासारखी वाटली, जणू कोणी नवी साडी नेसून आरशासमोर उभे आहे.

दोनशे चाळीस हातांपाशी साडी जराशी अरुंद झालेली काठावरूनही दिसत होती. मुलीने मान खाली घातली.

"खाली काय बघतेस?" आत्या म्हणाली. "कुणी विचारलं तर सांगू. इथं आमची भाची शिकून आली."

"आणि तिथून पुढचे साठ हात?"

"तिथून पुढं शिकली."

तेवढ्यात दवंडीवाला मामा धापा टाकत आला. त्याच्या हातात रिकामी टोपली होती.

"बये, तुझ्या त्या श्वासानं देवळात अंधार केला!" तो ओरडला. "बाराच्या बारा घरं फिरलो. टोपल्या उताण्या करून पाहिल्या. मूठभर तुकडे निघाले! एवढ्याशा तुकड्यांत नंदादीप लावू, की नदीत दिवे सोडू? धागाच तुटत नाही म्हणतात! ऐन पौर्णिमेला वाती आणू कुठून?"

लोक हसू लागले. पण मुलगी हसली नाही. ती त्या रिकाम्या टोपलीत बघत राहिली. ती आली तशीच माणसे होती ही, पेरू खाणारी, गाणारी, पाठ टेकताच झोपणारी. कोणाचा रोग बरा झाला नव्हता, कारण रोग नव्हताच. कोणाच्या चेहऱ्यावर तेज चढले नव्हते. फक्त बाराही घरांत धागे कमी तुटत होते. एवढेच झाले होते, आणि ते किती मोठे होते हे त्या रिकाम्या टोपलीने तिला सांगितले.

त्या दिवशी देवळात एकच वात लागली, आणि नदीत एकच दिवा सोडला. साडीच्या काठाकाठाने तो दूरवर गेला.

गावी येताना मुलीने वहीत एका मोठ्या ध्यानमंदिराचे चित्र काढून आणले होते. खांब, कमानी, मधोमध उंच आसन, आणि त्या आसनावर ती स्वतः. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते पान फाडले, त्यात आत्यासाठी मूठभर चिंचा गुंडाळल्या आणि मागाशी येऊन उभी राहिली. काशाची घंटा तिने चिंचेच्या फांदीला बांधली होती, कोणाच्याही हाताला येईल इतकी खाली.

ओट्यावर दवंडीवाला मामा तोंड पाडून बसला होता.

"मामा, वातींची काळजी सोडा," ती म्हणाली, आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली. "आजपासून मी विणायला शिकणार आहे."

मामाने तिच्या बोटांकडे पाहिले. आत्याने मामाकडे पाहिले.

"मग काय," आत्या म्हणाली, "देवळात वर्षभर लख्ख उजेड!"

तात्पर्य: ताणाशिवाय वस्त्र विणले जात नाही, पण रोज चार बोटे सैल केल्याशिवाय धागा टिकत नाही. मनाचेही तसेच आहे, आणि ही चार बोटे धागा धडधाकट असतानाच सोडायची असतात.